भारत–पोर्तुगाल संबंध: १९५५ ला तुटले, १९७४ ला जुळले. बेळगाव-खानापूरच्या बाजूनं बघूया

मलप्रभा_काठ

नमस्कार मंडळी.

आपल्या भागात गोव्याचा विषय निघाला की सगळे १९ डिसेंबर १९६१ ला येऊन थांबतात. सैन्य घाट उतरलं, पोर्तुगीज गेले, संपलं. पण लिस्बनच्या कागदावर ते संपायला आणखी तेरा वर्षं लागली. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत आपले परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियु सुआरिश यांनी करारावर सह्या केल्या तेव्हा पोर्तुगालनं गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं आणि दोन्ही देशांनी पुन्हा वकिलाती उघडायचं ठरवलं. त्या कराराला पन्नास वर्षं होऊन गेली. एप्रिल २०२५ मध्ये आपल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू लिस्बनला गेल्या त्या याच निमित्तानं. आपल्याकडं मात्र त्याची चर्चाच झाली नाही, म्हणून हा धागा.

थोडी पार्श्वभूमी देतो. स्वातंत्र्यानंतर सुरुवातीला दोन्ही देशांच्या वकिलाती होत्या. २७ फेब्रुवारी १९५० ला भारतानं लिस्बनला रीतसर पत्र दिलं, की आपल्या वसाहतींच्या भवितव्यावर बोलणी सुरू करूया. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्याचं उत्तर होतं की बोलण्यासारखं काही नाही, गोवा पोर्तुगालचाच भाग आहे. १९५१ मध्ये त्यांनी घटनाच बदलली आणि सगळ्या वसाहतींना 'सागरपार प्रांत' करून टाकलं. त्यानंतर वाटाघाटीला दारच उरलं नाही, कारण कुठलाही देश स्वतःच्या प्रांतावर दुसऱ्या देशाशी बोलणी करत नाही.

११ जून १९५३ ला भारतानं लिस्बनमधली वकिलात बंद केली. १९५४ च्या पावसाळ्यात दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली. ऑगस्ट १९५५ च्या सुरुवातीला दिल्लीतली पोर्तुगीज वकिलात बंद झाली. १५ ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर सीमेवर गोळ्या झाडल्या गेल्या, वीसहून जास्त माणसं गेली. १ सप्टेंबरला पणजीतला आपला कॉन्सुलेटही बंद. तिथून पुढं दोन देशांमध्ये थेट बोलायला माणूसच नव्हता. भारतातले पोर्तुगालचे हितसंबंध ब्राझीलची वकिलात सांभाळायची.

माझं म्हणणं एवढंच आहे: जमीन १९६१ ला मिळाली, पण संबंध जुळले ते लिस्बनमधली हुकूमशाही पडल्यावर. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दुसरीचं श्रेय पोर्तुगालच्या लोकांनाही द्यायला पाहिजे. तुम्हाला काय वाटतं? घरच्या आठवणी असतील तर त्याही लिहा.

---

शहापूरची_सून

माझ्या सासूबाई मूळच्या फोंड्याच्या. भारतानं गोव्याची नाकेबंदी करायच्या आधी लग्न होऊन बेळगावला आल्या आणि मग माहेर परदेशात गेल्यासारखं झालं. जायला परवाना, यायला परवाना. वडील गेल्याचं त्यांना फार उशिरा कळलं. त्या काळाबद्दल बोलताना त्या कधी नेहरू की सालाझार असं बोलत नाहीत, फक्त "वाट बंद होती" एवढंच म्हणतात.

नाकेबंदीबद्दल अजून एक. गोव्याला भाजी, कांदे, बटाटे, तांदूळ कायम घाटावरूनच जायचा. आजही चोर्ल्यातून रोज पहाटे आपल्या भाजीच्या गाड्या उतरतात. तो माल बंद झाल्यावर सालाझारनी बटाटे हॉलंडहून, तांदूळ आणि भाजी पाकिस्तानातून आणि सिमेंट जपानहून आणवलं. बेळगावहून काही तासांत पोचणारा बटाटा बोटीनं युरोपातून यायचा! गोवेकर उपाशी मरतील आणि उठतील असं दिल्लीला वाटलं असेल, तर तसं झालं नाही. त्रास मात्र दोन्हीकडच्या साध्या माणसांना झाला. आपल्या बाजूच्या दलालांचा आणि शेतकऱ्यांचा धंदा बुडाला, हे कोणी मोजलं नाही.

---

रामनगर_स्टेशन

ताई, आमच्या बाजूचं सांगतो. लोंढ्याहून पुढं कॅसलरॉक म्हणजे तेव्हा सरहद्दीचं स्टेशन. तिथं आपला कस्टम, खाली कुळ्याला त्यांचा. १९५५ ला गाड्या बंद झाल्या आणि गोवा मुक्त झाल्यावर पुन्हा सुरू झाल्या. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी १९५५ ला उभा केला तो याच कारणानं. रेल्वे गेली, म्हणून आकाशाची वाट धरली. आज आपल्यातला जो तो दाबोळीला उतरतो, पण तो नाकेबंदीतून जन्मलाय हे कितीजणांना माहीत आहे?

आणि कॅसलरॉकच्या जंगलातली ती रेडिओची गोष्ट विसरून चालणार नाही. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी नोव्हेंबर १९५५ पासून गुप्त नभोवाणी केंद्र चालवलं. आधी आंबोलीच्या रानात, मग कॅसलरॉकला. पाऊस, जळवा, साप, सगळं सोसून सहा वर्षं. कोकणीतून आणि पोर्तुगीजमधून बातम्या. दोन देशांच्या सरकारांचं बोलणं बंद होतं तेव्हा सीमेपलीकडच्या माणसाशी बोलणारा एक आवाज आमच्या जंगलातून जात होता. १९ डिसेंबर १९६१ ला हेच दोघं विमानात बसून लाउडस्पीकरवरून गोवा मुक्त झाल्याचं सांगत फिरले. लिबियाबाईंना २०२५ ला पद्मश्री मिळाली, शंभरी गाठल्यावर. कॅसलरॉकला एक साधी पाटी तरी लागायला हवी होती, इतकी वर्षं झाली.

---

जुना_मास्तर

चांगला धागा. मी तीस-पस्तीस वर्षं इतिहास शिकवला, तरी हेगच्या खटल्याबद्दल पाठ्यपुस्तकात एक ओळ नव्हती, त्याची रुखरुख आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ ला संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि आठच दिवसांत, २२ डिसेंबरला, त्यानं भारताला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. विषय होता दमणहून दादरा-नगर हवेलीला जायच्या वाटेचा. मधला पट्टा भारताचा, तो आम्हाला ओलांडू दिला पाहिजे, असा दावा. त्यासाठी त्यांनी काय पुढं केलं माहीत आहे? मराठ्यांशी झालेला १७७९ चा पुण्याचा तह आणि पेशव्यांच्या सनदा! म्हणजे पेशवे दरबारातली मोडी कागदपत्रं विसाव्या शतकात हेगमध्ये वाचली गेली आणि त्यांचा अर्थ काय यावर जगभरचे वकील भांडले. भारताचं म्हणणं होतं की पेशव्यांनी फक्त महसूल दिला होता, मुलूख तोडून दिला नव्हता. न्यायालयानं मराठ्यांच्या बाबतीत ते मान्य केलं, पण पुढं इंग्रजांच्या काळात पोर्तुगालचं सार्वभौमत्व गृहीत धरलं गेलं, असंही म्हटलं.

१२ एप्रिल १९६० चा निकाल दोघांनाही थोडा थोडा लागला. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाट होती. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रं यांना नव्हती. आणि १९५४ ला भारतानं वाट रोखली त्यात त्याचं चुकलं नाही. आपल्या बाजूला मोतीलाल सेटलवाड होते. न्यायपीठावर भारतातर्फे एम. सी. छागला होते.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते असं, की राजनैतिक संबंध तुटलेले असताना दोन देश चार वर्षांहून जास्त काळ एका दालनात समोरासमोर बसले, एकमेकांचे कागद वाचले, उत्तरं दिली. भांडण होतं, पण नियमानं. १९७४ च्या करारात दादरा-नगर हवेलीचा उल्लेख स्वतंत्र नावानं येतो, त्यामागं हा सगळा इतिहास आहे.

---

सांबऱ्याचा_पोरगा

मास्तर, मान्य आहे, पण कोर्टकचेऱ्या आणि पत्रापत्रीनं अकरा वर्षांत एक इंच जमीन मिळाली नाही, हेही लिहा की. २७ फेब्रुवारी १९५० चं पत्र, आणि गोवा सुटला डिसेंबर १९६१ ला. सालाझारला एकच भाषा कळायची.

आमच्या गावाचा यात वाटा आहे. १७ वी डिव्हिजन बेळगावात जमली, मेजर जनरल कँडेथ तिचे प्रमुख. १८ डिसेंबरच्या सकाळी सांबऱ्याच्या धावपट्टीवरून हंटर विमानं उडाली आणि बांबोळीचं वायरलेस केंद्र उडवलं, म्हणजे लिस्बनशी त्यांचं बोलणंच तुटलं. पुण्याहून कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं गेली दाबोळीवर. पायदळ अनमोडातून मोलेवरून फोंड्याकडं, आणि सगत सिंगांची पॅरा ब्रिगेड दोडामार्गातून. खरं तर त्यांचं काम दुय्यम होतं, पण पणजीला तेच पहिले पोचले. दुसऱ्या दिवशी रात्री गव्हर्नर जनरल व्हासालु ई सिल्व्हांनी शरणागतीच्या कागदावर सही केली.

गावातली जुनी माणसं अजून सांगतात, आठवडाभर रस्त्यावर नुसत्या लष्कराच्या गाड्या. माझ्या मते तो दिवस नसता तर १९७४ चा करारही नसता.

---

मलप्रभा_काठ

भाऊ, दिवस नसता तर करार नसता हे खरंच. पण तो दिवस असूनही तेरा वर्षं करार झाला नाही, त्याचंही उत्तर पाहिजे ना? व्हासालु ई सिल्व्हांना सालाझारची आज्ञा होती की शेवटपर्यंत लढा, शरण जाऊ नका. त्यांनी हजारो माणसं मरू दिली नाहीत, तर मायदेशी त्यांची सैन्यातून हकालपट्टी झाली. ज्या सरकारला स्वतःच्या सेनापतीचं शहाणपण चाललं नाही, ते भारताशी करार काय करणार?

---

टिळकवाडी_कट्टा

त्या तेरा वर्षांत काय काय अडकून पडलं होतं ते सांगतो, कारण "संबंध नव्हते" म्हणजे नेमकं काय ते त्यातून कळतं.

एक, युद्धकैदी. तीन हजारांवर पोर्तुगीज सैनिक गोव्यातल्या छावण्यांमध्ये होते. ते मे १९६२ मध्ये घरी गेले, तेही कराचीमार्गे. मायदेशी त्यांचं स्वागत झालं नाही, बंदुकीच्या धाकात उतरवून घेतलं.

दोन, मोझांबिकमधले भारतीय. गोवा गेल्यावर पोर्तुगालनं तिथल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत कोंडलं, दुकानं आणि मालमत्ता गोठवली आणि नंतर हाकलून दिलं. पिढ्यान् पिढ्या तिथं व्यापार करणारे गुजराती लोक. त्यांचा गोव्याशी काय संबंध?

तीन, आणि हे मला सगळ्यात लागतं, मोहन रानडे. मूळचे सांगलीचे. १९५५ ला पकडले गेले आणि सव्वीस वर्षांची शिक्षा झाली. गोवा मुक्त झाला, तरी ते लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात! भारताला त्यांच्यासाठी थेट बोलायला तिथं कोणी नाही. शेवटी मद्रासचे मुख्यमंत्री अण्णादुराई व्हॅटिकनला गेले तेव्हा त्यांनी पोप पॉल सहावे यांच्याकडं रानड्यांसाठी शब्द टाकला. जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. एक मराठी माणूस, एक तमिळ नेता, रोमचे पोप, पोर्तुगालचा तुरुंग. वकिलात असती तर हे काम एका राजदूतानं केलं असतं आणि चौदा वर्षं लागली नसती.

सांबऱ्याच्या भाऊंना एकच सांगायचं आहे. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत भारताविरुद्ध ठराव आला, अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स एका बाजूला. सोव्हिएत रशियानं नकाराधिकार वापरला म्हणून तो पडला. सैन्यानं काम फत्ते केलं खरं, पण त्याच्यामागं राजनैतिक काम झालं होतंच. डिसेंबर १९६० मध्ये महासभेनं गोव्यासकट पोर्तुगालचे सगळे सागरपार प्रदेश पराधीन असल्याचं ठरावात नोंदवलं होतं. अनेक देश नव्यानं स्वतंत्र झाले होते, ते भारताच्या बाजूनं होते. ही जमीन आधी तयार झाली होती.

---

निपाणीकर

या करारावर यशवंतरावांची सही आहे हे वाचून मनात एकच आलं. देवराष्ट्र्यात जन्मलेला माणूस, हजारो किलोमीटरवरच्या देशाशी पाचशे वर्षांचं भांडण एका कागदावर मिटवतो. आणि आपल्या बेळगाव, निपाणी, खानापूरचा प्रश्न? १९५६ पासून आहे तिथंच आहे. महाजन आयोग झाला, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. परक्याशी जमतं, घरातलं जमत नाही.

---

मलप्रभा_काठ

अण्णा, तुमची वेदना आपल्या सगळ्यांची आहे आणि या मंचावर त्यासाठी स्वतंत्र धागे आहेत, तिथं मीही लिहितो. इथं दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर धागा तिकडंच जाईल. एक फरक तेवढा नोंदवतो: यशवंतरावांसमोर जो सुआरिश बसला होता तो स्वतः सालाझारच्या राजवटीत तुरुंगात गेलेला आणि हद्दपार झालेला माणूस होता. त्याला जुनी भूमिका राखायचीच नव्हती. आपल्या प्रश्नात समोर असा माणूस कधी बसलाच नाही.

---

जुना_मास्तर

मलप्रभा, तुम्ही हे बरोबर पकडलंत. आता करारातलं एक कलम सांगतो, कारण सगळी हुशारी त्यात आहे.

२५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी राजवट उलथवली. सैनिकांच्या बंदुकीत लोकांनी लाल फुलं खोवली ती हीच क्रांती. नव्या सरकारनं सगळ्या वसाहती सोडायचं ठरवलं. पण जुन्या घटनेत 'भारतीय राज्य' अजून पोर्तुगालचा प्रदेश म्हणून लिहिलेलं होतं. ते असताना मंत्र्यानं सही केली असती तर तीच बेकायदा ठरली असती. म्हणून ऑक्टोबरमध्ये आधी घटनात्मक कायदा करून सरकारनं अधिकार घेतला, मगच सुआरिश दिल्लीला आले.

आता कलम पहिलं. पोर्तुगाल भारताचं सार्वभौमत्व मान्य करतो, पण केव्हापासून? १९७४ पासून म्हटलं असतं तर तेरा वर्षं भारत तिथं बेकायदा होता असं झालं असतं. १९ डिसेंबर १९६१ म्हटलं असतं तर पोर्तुगालनं लष्करी कारवाईवर शिक्का मारल्यासारखं झालं असतं. तोडगा असा निघाला: भारतीय घटनेनुसार हे प्रदेश ज्या ज्या तारखेला भारताचे भाग झाले त्या त्या तारखेपासून. म्हणजे दादरा-नगर हवेली ११ ऑगस्ट १९६१, दहाव्या घटनादुरुस्तीनुसार. गोवा, दमण, दीव २० डिसेंबर १९६१, बाराव्या दुरुस्तीनुसार. दोघांचीही मान राहिली. वसाहतवाद संपवणारे करार पुष्कळ वाचले, पण इतकी नेटकी वाक्यरचना क्वचित दिसते.

पुढच्या कलमांत वकिलाती, पोर्तुगीज भाषा आणि संस्कृती, गोव्यातली जुनी चर्चेस आणि स्मारकं, आणि मालमत्तेचे दावे नंतर बोलून मिटवायचे, असं आहे. ३ जून १९७५ पासून करार लागू झाला.

---

दोडामार्गची_लेक

मास्तरांनी "मालमत्तेचे दावे" म्हणून एका ओळीत सोडलं, पण त्यात हजारो घरांचं सोनं आहे!

बँको नॅशनल अल्ट्रामारिनो ही पोर्तुगीज बँक गोव्यात सोनं तारण ठेवून कर्ज द्यायची. मंगळसूत्रं, पाटल्या, बांगड्या, लेकीसुनांचं सगळं. डिसेंबर १९६१ मध्ये कारवाई व्हायच्या आधीच हे तारणाचं सोनं बोटीनं लिस्बनला गेलं. नुसतं बँकेचं असतं तर वेगळी गोष्ट. हे गरीब माणसांचं होतं, कर्ज फेडून परत घ्यायचं होतं. आता कर्ज कुठं फेडणार? बँक गेली, देश गेला, पावती तेवढी हातात.

१९७४ च्या करारानंतरही हे लगेच सुटलं नाही. बोलणी चालत राहिली आणि १९९१ ला ते दागिने परत आले. तीस वर्षं. तोवर तारण ठेवणाऱ्या कित्येक बायका गेल्या होत्या, पावत्या नातवंडांच्या हातात. आमच्या नात्यातल्या एका घरी अशी पावती होती. ज्या आजीचे डाग होते तिला ते दिसले नाहीत, तिच्या सुनेनं सोडवून आणले.

मला विचाराल तर दोन देशांचे संबंध खरे जुळले ते तेव्हा. सही राजकारण्यांची होते, पण विश्वास अशा परतफेडीनं येतो.

---

सांबऱ्याचा_पोरगा

ताई, हे सोन्याचं मला अजिबात माहीत नव्हतं. आईला विचारतो, तिचं आजोळ डिचोलीचं.

टिळकवाडी भाऊंचा मुद्दाही पटला, रानड्यांचा. तरीही सैन्याचं महत्त्व कमी करू नका एवढंच म्हणणं. व्हासालु ई सिल्व्हा नंतर गोव्यात येऊन गेले असं ऐकलंय, खरं आहे का?

---

जुना_मास्तर

हो, १९८० मध्ये. क्रांतीनंतर त्यांचा हुद्दा परत मिळाला होता. ज्या गोव्यात शरणागती दिली तिथं त्यांना पाहुण्यासारखं वागवलं गेलं. सुआरिशही १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष म्हणून भारतात येऊन गेले. पुढं २०१७ ला पंतप्रधान आंतोनियु कोश्ता आले, त्यांच्या वडिलांचं घराणं मडगावचं. त्याच वर्षी जूनमध्ये लिस्बनमध्ये नरेंद्र मोदींनी त्यांना परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचं कार्ड दिलं. सालाझारला स्वप्नातसुद्धा सुचलं नसतं असं हे चित्र आहे.

---

अनगोळचा_विद्यार्थी

सगळं वाचून काढलं, खूप शिकायला मिळालं. एक प्रश्न: गोव्यातले माझे दोन मित्र पोर्तुगीज पासपोर्ट घेऊन इंग्लंडला गेले. ते या करारातूनच आलं का? आणि आपल्या बेळगावातल्या कुणाला मिळू शकतो का? शहापूर, खडेबाजारात गोव्याहून आलेली घरं पुष्कळ आहेत.

---

दोडामार्गची_लेक

करारातून नाही, पोर्तुगालच्या नागरिकत्वाच्या कायद्यातून. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेले लोक त्यांच्या दृष्टीनं पोर्तुगीज नागरिक होते. त्यांची जन्मनोंद लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणीत करता येते आणि त्यावरून मुलांना आणि नातवंडांना हक्क सांगता येतो. तू बेळगावात राहतोस की पणजीत याला महत्त्व नाही. आजी-आजोबा कुठं आणि केव्हा जन्मले ते बघतात. शहापूरच्या सूनबाईंच्या सासूबाई फोंड्याच्या, म्हणजे त्यांच्या घरात हा प्रश्न येऊ शकतो.

पण नीट विचार करून. भारताची घटना दुहेरी नागरिकत्व मानत नाही. पोर्तुगालचं घेतलं की इथलं जातं, भारतीय पासपोर्ट जमा करावा लागतो, मतदान जातं, शेतजमीन घेता येत नाही. आणि ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून त्या पासपोर्टवर इंग्लंडला जाऊन सरळ नोकरी धरायचे दिवसही संपले. एजंट लोक हे सांगत नाहीत. पणजीत पोर्तुगालचा कॉन्सुलेट आहे, थेट तिथं विचारायचं, मधल्या माणसाला पैसे द्यायचे नाहीत.

---

शहापूरची_सून

सासूबाईंना वाचून दाखवलं. पासपोर्ट नको म्हणाल्या, पण त्यांचा जन्मदाखला पोर्तुगीजमध्ये आहे आणि तो कपाटात नीट ठेवलाय. सोबत जाण्यायेण्याचे दोन परवानेही सापडले.

---

मलप्रभा_काठ

ताई, जमलं तर परवान्यांचे फोटो इथं टाका, नाव-पत्ता झाकून. बाकीच्यांच्या घरी १९५५ ते ६१ मधले परवाने, मनीऑर्डरी, बँकेच्या तारणाच्या पावत्या असतील तर त्याही टाका. रामनगरच्या भाऊंनी कॅसलरॉकच्या पाटीचं काढलंय, त्यासाठी रेल्वेकडं अर्ज करायचा असेल तर मसुदा मी लिहितो, सह्या सगळ्यांनी करूया.